मार्चएंडला विकलेली डाळ

या, असं जवळ बसा. अन् तो मोबाईल ठेवा की खाली. मी बोलून राहिले, तुमचे डोळे मात्र शेअरच्या भावावर.

आमच्या गल्लीतले सर असेच होते. शाळेतून रिटायर झालेले. चष्मा कपाळावर सरकवायचा, कंपनीचा गुळगुळीत अहवाल मांडीवर पसरायचा आणि म्हणायचं, "वहिनी, छापलेलं हाय. कुणी उगं छापतं का?"

कंपनी लातूरची, डाळीची. सरांनी फंडाचा सगळा पैसा तिच्या शेअरमध्ये घातलेला. भाव वाढला की विकायचे आणि विष्णुपुरीला घेऊन ठेवलेल्या प्लॉटवर घर बांधायचं. त्यांच्या बायकोनं तर मोगऱ्याची जागासुद्धा ठरवली होती.

कंपनीच्या डीलरचं गोदाम आमच्या गल्लीच्या तोंडाशी. मार्च सरत आला की ट्रकमागून ट्रक यायचे. सर स्वतःच्या पैशानं हमालांना चहा पाजायचे. "खप बघा, वहिनी!"

मी म्हटलं, पोती आत जाताना दिसतात, पण दुकानात कुणी ही डाळ मागताना दिसत न्हाई. ते हसले. म्हणाले, तुमचं आपलं बायकांचं.

एप्रिलात त्यातली लई पोती माघारी जायची. मी डीलरला गाठलं. तो सरळ म्हणाला, "न खपलेला माल ते परत घेतात, काकू. पैसेबी खपल्यावरच द्यायचे."

आणि लातुरात? माल ट्रकात चढला की झाली विक्री, धरला नफा! अहवाल मार्चपर्यंतचा, माघारी आलेली पोती पुढच्या वर्षात. पुढच्या मार्चला आणखी जास्त पोती धाडली की मागचा खड्डा झाकला. सरांना सांगितलं, तर अहवाल काखेत मारून तरातरा घरी निघून गेले.

शेवटी कंपनीला कर्ज देणाऱ्या बँकेनं हात आखडता घेतला अन् सगळं उघडं पडलं. शेअर कुणी फुकट घेईना. लातूरला शेअरवाल्यांची सभा झाली, तिथं सर उभे राहिले आणि विचारलं, न विकलेली डाळ विकली म्हणून कशी लिहिली? स्टेजवरचा कोटवाला म्हणाला, "हिशेबाची पद्धत आहे ती. अहवालात शेवटी बारीक अक्षरात दिलंय. वाचायला पाहिजे होतं."

जन्मभर पोरांना वाचायला शिकवलेल्या माणसाला म्हणतो, वाचायला पाहिजे होतं! चोरी करायची ती करायची, वर अडाणी ठरवायचं.

प्लॉट विकला. दोघं देवणीला लेकीकडं राहायला गेली. फोन केला की सर नुसतं "हाव, हाव" म्हणतात आणि बायकोकडं देतात.

तुमची गाडी हाय. येत्या रविवारी या, देवणीला जाऊन येऊ. एकटी गेले तर त्यांच्यापुढं रडायचे मी, अन् ते त्यांना सोसायचं न्हाई. या मात्र नक्की.