‘बरं हाय’ म्हणायची रीत

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. वडलांनी तरुणपणी मेंढरांमागं रान तुडवलं, मग शेळगावात शेती धरली. त्यांच्या पोरीला बारामतीच्या दवाखान्यात संशोधनाचं काम मिळालं, तेव्हा मी ताठ मानेनं गावात फिरले. अजूनही फिरते. गुडघ्याची वाटी बदललेल्या माणसांचं पुढं काय होतं, याचा तिथं अभ्यास चालतो. मी त्यांच्या घरी जायचं आणि विचारायचं, दुखतं का, जिना चढता येतो का, खाली बसता येतं का.

उत्तर कोऱ्हाळ्यापासून डाळजपर्यंत सगळ्या गावांत एकच. “बरं हाय.”

याला खोटं बोलणं म्हणता येत नाही. दारी आलेल्याला रडगाणं ऐकवून लावून द्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत. शिवाय दुखतंय म्हणावं तर डॉक्टरच्या हाताला नावं ठेवल्यासारखं होतं. कोऱ्हाळ्यातल्या एका आजीनं “येकदम झ्याक” म्हणता म्हणता उठायला दाराची चौकट दोन्ही हातांनी धरली होती. तेव्हापासून मी जाता जाता सुनेलाही विचारते, “धारा आता कोण काढतं?” धार काढायला उकिडवं बसावं लागतं, खरं तिथं बाहेर पडतं.

तात्यांची, म्हणजे माझ्या वडलांची वाटी याच दवाखान्यात बदललेली. घरच्या माणसाची माहिती आपण घ्यायची नाही असा नियम, म्हणून त्यांच्याकडं माझी सहकारी जायची. तिला ते चहा पाजून “बरं हाय” सांगायचे. सुरुवातीला ते खरंही होतं. पुढं माझ्या ध्यानात आलं, मी समोर असले की तात्या बाजेवरून उठतच नाहीत. मी आत वळले की उठतात, ओठ चावत. रानातही जाईनात. विचारलं तर म्हणाले, “आता तुझा भाऊ बघतोय की. मी काय मेंढरागत हिंडतच ऱ्हाऊ?”

शेवटी मीच त्यांना तपासणीला नेलं. डॉक्टरांसाठी डाळिंबांची पिशवी त्यांनी स्वतः भरली. दवाखान्याच्या दारात आलो आणि त्यांनी टेकत आणलेली काठी वॉचमनच्या हातात दिली.

“तात्या, काठी घ्या.”

“देवाच्या दारात चप्पल काढत्यात का न्हाय? तसंच हाय ते.”

आत, ज्यांनी ऑपरेशन केलं होतं त्या डॉक्टरांनी विचारलं, “काय तात्या, कसा आहे गुडघा?”

“बरं हाय सायेब. पळतोय.” आणि ते चालले. दारापासून खिडकीपर्यंत, तिथून परत. डॉक्टर इतके खूश झाले, की शेजारच्या खोलीतल्या शिकाऊ पोरांना हाक मारली. “बघा, अशी चाल पाहिजे.” तात्या पुन्हा चालले. सदरा पाठीला चिकटला होता. जबडा आवळलेला मला दिसत होता, त्या पोरांना दिसत नव्हता.

“सर,” मी म्हणाले, “त्यांची काठी वॉचमनकडं आहे. उठताना ओठ चावतात.”

मग एक्स-रे काढला. बसवलेला सांधा हाडात सैल झाला होता. पुन्हा ऑपरेशन करावं लागेल, लांबवलं तर हाड आणखी खराब होईल, असं डॉक्टर म्हणाले. बोलताना ते फोटोकडं बघत होते.

तात्याच त्यांची समजूत घालायला लागले. “तुमची काय चूक न्हाय सायेब. हाडच म्हातारं झालंय.”

परतताना रिक्षात त्यांनी काठी गुडघ्यांमध्ये उभी धरली. मग म्हणाले, “भल्या माणसाला पोरांदेखत खाली बघाय लावलंस. ह्यासाठी शिकवलं व्हय तुला?”

“ह्यासाठीच शिकवलंत, तात्या.”

बोलले खरी, पण शेळगाव येईपर्यंत त्यांच्याकडं बघायची मला हिंमत झाली नाही.

दारात शेजारचे आबा उभेच होते. “काय म्हनला डाक्टर?”

“बरं हाय म्हनला,” तात्या म्हणाले.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांचा हात माझ्या खांद्यावर पडला. पायरी चढायला त्यांनी कुणाचा आधार घेतलेला मी कधी पाहिला नव्हता. सगळा भार टाकला त्यांनी. मी गप्प उभी राहिले. ते वर चढले, हात काढला आणि आत गेले.

तात्या ऑपरेशनला अजून हो म्हणालेले नाहीत.