डोरीन आणि लायलचं शेवटचं कडवं

बॅरिंगुलच्या बोल्स क्लबात दर रविवारी तीन वाजता मटणाच्या ट्रेची सोडत निघते, आणि सव्वीस वर्षं ती डोरीन टकवेल काढत आलेली. आवाज असा, की तिने नंबर पुकारला की बाहेर हिरवळीवर वाकून गोळे घरंगळवणारी म्हातारी मंडळी कंबर सरळ करत आणि रस्त्यापलीकडच्या बेकरीतलं कुत्रं उठून बसे. नवरा होता तेव्हा म्हणायचा, "आमच्या घरी फोन आहे, पण तो शोभेला."

या बाईला जन्मात एकच हौस होती. लायल डनफर्डला समोर बसून ऐकायचं. लायल म्हणजे गिटार घेऊन गावोगाव गाणारा. मेंढरं, धूळ, आटलेल्या नद्या आणि सोडून गेलेल्या बायका, एवढ्यावर त्याने साठ वर्षं काढली. त्याचं नावाड्याचं गाणं डोरीनला जीव की प्राण. नावाडी रोज संध्याकाळी कंदील लावून पलीकडच्या काठावरच्या बाईची वाट बघतो. तीन कडवी बघतो. चौथ्यात काय ते व्हायचं, तर नेमका तिथेच डोरीनच्या रेकॉर्डला ओरखडा. शेवटचं कडवं तिला पाठ होतं ते पाकिटावर छापलेलं वाचून. ऐकलेलं कधीच नाही.

तसा लायल त्या भागात तीनदा येऊन गेला होता. पहिल्यांदा डोरीनला कळा सुरू झाल्या. दुसऱ्यांदा नदीने पूल नेला. तिसऱ्यांदा तो मेंढ्यांच्या प्रदर्शनात गायला, तेव्हा ती चहाच्या तंबूत होती, आणि चहाच्या किटलीने अशी शिटी धरली की तिला नुसत्या टाळ्या ऐकू आल्या. त्यानंतर दोघांनी तिला तो वारल्याचं खात्रीने सांगितलं. त्यातला एक तर मयताला जाऊन आलेला.

त्यामुळे क्लबाचा सेक्रेटरी ट्रेव्हर जेव्हा म्हणाला, की लायल डनफर्ड येतोय, वय एक्याऐंशी, आपल्या मागच्या खोलीत गाणार, चाळीस खुर्च्या, तेव्हा डोरीनने काउंटर धरला.

"कधी?"

"येत्या रविवारी. अडीचला."

"तीनला सोडत असते."

"तेच सांगायला आलो."

"मग सोडत चारला घे."

हिरवळ नांगरायला सांगितल्यासारखा ट्रेव्हर तिच्याकडे बघत राहिला. "डोरीन, माझ्या बापाचं दफन आपण चारला ठेवलं होतं. का, ते आठवतंय ना?"

आठवत होतं. त्या दिवशीचा नंबर तिनेच पुकारला होता.

म्हणजे एक तर गाणं सोडायचं, नाहीतर तिकिटांचं जाळीचं पिंप दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायचं. डोरीन दोन रात्री तळमळली आणि मग नणंदेकडे गेली. ग्लेनिसचा त्या पिंपावर सव्वीस वर्षं डोळा होता.

"डावीकडे फिरवायचं," डोरीन म्हणाली. "उजवीकडे फिरवलंस तर झाकण उघडतं."

"बघतेय की मी इतकी वर्षं."

"बघणं वेगळं. तीनदा पुकारायचं. कुणी बोललं नाही तर दुसरं तिकीट काढायचं. आणि तोंडात बिस्किट नको."

"तू गाणं ऐकायला चाललीस की पोटाचं ऑपरेशन करून घ्यायला? जा आता."

पिंप दिल्यावर डोरीनला हात रिकामे वाटायला लागले, म्हणून तिने ते मागच्या खोलीच्या कामी लावले. दारावर पाटी चिकटवली : गाणं चालू असताना बोलू नये, शिंकू नये, चघळायच्या गोळ्यांचे कागद घरीच काढून यावं. एकच गोष्ट तिच्या हाताबाहेरची होती. त्या खोलीत पूर्वी बायका चहा प्यायच्या, आणि त्यांचा नंबर हुकू नये म्हणून भिंतीत एक स्पीकर बसवलेला. तो ज्याने बसवला तो वारला, आणि बटण कुठे आहे ते सोबत घेऊन गेला. ट्रेव्हरने स्पीकरवर गोधडी बांधली.

"आता मुंगीसुद्धा ऐकू येणार नाही," तो म्हणाला.

रविवारी डोरीन पहिल्या रांगेत बसली. लायलच्या बुटाला बूट लागेल इतक्या जवळ. शेजारी विल्फ, एका कानाने ठार बहिरा, हॅटच्या पट्टीत सोडतीचं गुलाबी तिकीट खोचलेलं. लायल आला तो ट्रेव्हरचा दंड धरून. कोटात माणूस निम्माच उरला होता.

"पूर्वी उभा राहून गायचो," तो बसत म्हणाला. "आता बसून गातो. आडवा होऊन गायला लागलो की तिकीट अर्धं करू."

आवाज चिरकत होता, पण इतक्या जवळून त्याचा श्वाससुद्धा ऐकू येत होता, आणि बोटं अजून तारांवर नीट पडत होती. कुणी शिंकलं नाही. चार गाणी झाल्यावर त्याने नावाड्याचं धरलं. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. विल्फने डोळे मिटून घेतले. तिसऱ्याच्या मध्यावर गोधडीतून खरखर आली.

"गुलाबी, सदतीस," ग्लेनिस म्हणाली. तोंडात बिस्किट होतं.

आणि ज्या चाळीस माणसांनी गोळीचा कागद वाजू दिला नव्हता, त्या सगळ्यांनी खिसे चाचपले, पर्सा उघडल्या, चष्मे चढवले. खोलीभर पाचोळ्यात गाय शिरल्यासारखा आवाज. लायल तिसरं कडवं संपवून नुसतीच गिटार वाजवत राहिला.

"गुलाबी, सदतीस. दुसऱ्यांदा."

डोरीनची नजर विल्फच्या हॅटकडे गेली. सदतीस. पट्टीत, ढळढळीत. तिने त्याला कोपर मारलं. तो गाण्यात बुडालेला. त्याने तिचा हात थोपटला आणि डोळे मिटलेलेच ठेवले. उठून सांगायला जावं, तर एवढ्यात चौथं कडवं सुरू होणार. गप्प बसावं, तर गरिबाच्या तोंडचं आठवडाभराचं मटण जाणार, आणि विल्फ एकटा नव्हता, घरी कुत्राही होता.

"गुलाबी, सदतीस. तिसऱ्या..."

"विल्फकडे आहे," डोरीन जागेवरूनच ओरडली.

गिटारच्या तारा झणझणल्या. बेकरीतलं कुत्रं उठलं असणार. लगेच ट्रेव्हर ट्रे घेऊन धावत आला, कारण ट्रे हातोहात द्यायचा हा नियम, आणि त्याने तो विल्फच्या मांडीवर ठेवला. विल्फने डोळे उघडले, आठ चॉप आणि सॉसेजची माळ बघितली आणि म्हणाला, "संपलं का गाणं?"

डोरीनला धरणी दुभंगावी असं झालं. पाटी तिची, नियम तिचा, आणि भर गाण्यात ओरडली तीच.

लायल मात्र अजून तेच दोन सूर वाजवत होता. तो पुढे वाकला. "बाई गं, देवासारखी धावलीस. शेवटचं कडवं केव्हाचं डोक्यातून गेलंय. मी आपला वाजवत वेळ काढत होतो. येतं का कुणाला?"

चाळीस माना डोरीनकडे वळल्या.

"दोर मी सोडला," ती पुटपुटली.

"मोठ्याने. मघाशी जमलं होतं की."

"दोर मी सोडला, कंदील विझवला," डोरीनने पुकारलं.

लायल तिच्या मागून गायला. पण तो गात असताना तिला पुढची ओळ जुळवायची होती, आणि पंगतीत वाढणारीला जेवणाची चव कुठून कळणार? तिने पुढची ओळ पुकारली, तर भिंतीतून ग्लेनिस विचारते, "तो कुठला नंबर, डोरीन? आमच्याकडे असलं तिकीट नाही."

खोली हसली. लायल इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं. टाळ्या झाल्या, गाणं तेवढ्यावर संपलं.

नंतर डोरीन स्वयंपाकघरात कप विसळत होती. लायल ट्रेव्हरची गाडी येईपर्यंत तिथे स्टुलावर टेकला.

"गेलं ना माझ्यापायी तुझं गाणं?" तो म्हणाला.

"गाणं झालं की. ते कडवं तेवढं ऐकायचं होतं. पुढच्या वेळी ऐकेन."

"एक्याऐंशीच्या माणसाला पुढच्या वेळी म्हणतेस? लिहून दे."

तिने उरलेल्या गुलाबी तिकिटांच्या पाठीवर चार ओळी लिहिल्या, दर तिकिटावर एक. लायलने चष्मा लावला, तिकिटं पत्त्यांसारखी हातात धरली. डोरीनने नळ बंद केला. गिटार गाडीत गेलेली. त्याने नुसत्या आवाजात म्हटलं, हळू, समोरच्या एका माणसापुरतं :

दोर मी सोडला, कंदील विझवला,
काठही सोडला, नावही;
यायचं असेल तर ये आता पोहून,
मी नसेन तिथे, तरीही.

बाहेर ट्रेव्हरने हॉर्न दिला. लायलने तिकिटं वरच्या खिशात ठेवली, हॅट घातली आणि गेला.

ग्लेनिस पिंप परत ठेवायला आली तर डोरीन तशीच उभी, हातात ओला कप.

"म्हटलं का त्याने?"

"म्हटलं."

"कसं म्हटलं?"

डोरीनने कप पुसला, जागेवर ठेवला, दुसरा घेतला.

"शेवटच्या ओळीत सूर जरा उतरला," ती म्हणाली. "पण मी काही बोलले नाही."