पाऊस पळवणारी पोरगी

माझे वडील एसटीत कंडक्टर होते. निवृत्त झाल्यावरही शिरूरच्या स्टँडसमोर चहा घेतल्याशिवाय त्यांचा दिवस सुरू होत नसे. दोन हजार सालानंतरच्या त्या सलग दुष्काळातली गोष्ट. जुलैमधल्या एका रविवारी ते चहा अर्धा टाकून घरी आले. मी सुट्टीला आले होते आणि ओसरीत केस विंचरत बसले होते. चपला न काढताच ते म्हणाले, "तू तिकडं दौंडात नक्की काय करतीस, मला एकदा नीट सांग."

"आण्णा, किती वेळा सांगितलं. आभाळात फुगा सोडतो आम्ही."

"आन् त्यानं काय हुतं?"

"वरची हवा कशी आहे ते कळतं."

ते खाली बघत म्हणाले, "पाऊस पळतो का त्यानं?"

मला हसू आलं, पण ते हसत नव्हते. हॉटेलात न्हावऱ्याकडच्या कुणीतरी चारचौघांत त्यांना विचारलं होतं, "काय वो, तुमची पोरगी पाऊस पळवायच्या कामाला हाय म्हणं?" सुट्ट्या पैशांवरून सगळ्या पुणे जिल्ह्याशी भांडलेला माणूस, पण तिथून मुकाट उठून घरी आला होता.

एका सरकारी संशोधन संस्थेत मी कंत्राटावर होते. पुण्यात फिजिक्समध्ये एम.एस्सी. केली होती. आमच्याकडे ढग येतात, काळेभोर होतात, आणि न पडताच पुढे निघून जातात. हे का होतं, याचा अभ्यास करायची एक योजना त्या पावसाळ्यापुरती मंजूर झाली होती. पाटसच्या दक्षिणेला, कालव्याचं पाणी जिथे पोचत नाही त्या माळावर, एक पत्र्याची शेड आणि एक खोली आम्ही भाड्याने घेतली होती. आम्ही म्हणजे मी, निवृत्तीला टेकलेले आमचे साहेब आणि जीपचा ड्रायव्हर.

जागा एका धनगर कुटुंबाची होती. घरातली कर्ती बाई माझ्या आईच्या वयाची, तिला मी मामी म्हणायचे. तिची सासू दर वर्षी मेंढरं घेऊन कोकणात उतरायची. मामीने मात्र माळ फोडून बाजरी लावली होती आणि चार मेंढरं हौस म्हणून ठेवली होती. सकाळी भाकरी थापता थापता ती मला आमच्या कामाबद्दल विचारायची आणि ऐकून झालं की म्हणायची, "असंल बाई."

काम साधंच होतं. शेडमध्ये रबराचा मोठा फुगा गॅसने भरायचा, त्याला दोरीने एक छोटी पांढरी डबी बांधायची आणि मोकळ्या जागी नेऊन सोडून द्यायचा. फुगा ढगांच्याही वर जायचा आणि वाटेत डबी आम्हाला कळवत राहायची, किती गार आहे, किती दमट आहे, वारा कुठून कुठे चाललाय. खूप उंचावर फुगा फुटायचा आणि डबी कुणाच्या तरी शेतात येऊन पडायची.

घोटाळा झाला तो वेळेमुळे. रोज एक फुगा ठरलेलाच असायचा, पण ढग भरून आले की आम्ही घाईघाईने आणखी एक सोडायचो, कारण अभ्यास ढगांचाच होता. लोकांना लांबून दिसायचं ते एवढंच: ढग आले, फुगा वर गेला, ढग निघून गेले. यातलं खोटं काहीच नव्हतं. त्यात विमानातून फवारणी करून पाऊस पाडायच्या बातम्या पेपरात येत होत्या. विमानाने पाऊस पडत असेल, तर फुग्याने पळत का नसेल? मी माळावर नसते आणि माझी बाजरी वाळत असती, तर मलाही हे पटलं असतं.

आधी शेतात पडलेल्या डब्या लोक कुतूहलाने आणून द्यायचे. मग त्या दगडाने ठेचलेल्या सापडायला लागल्या. पाटसच्या बाजारात भाजीवालीने मला ओळखून माझी पिशवी रिकामीच परत दिली. "तुमच्यामुळंच महाग झालीया," ती म्हणाली.

आणि मग त्यात आप्पा उतरले. आप्पा म्हणजे तालुक्यातलं मोठं प्रस्थ. सोसायट्या त्यांच्या शब्दावर चालायच्या, सत्ता त्यांच्या पक्षाची होती आणि पुढच्या वर्षी निवडणूक होती. एका सभेत ते म्हणाले, "आमच्या डोक्यावरच्या आभाळात सरकारी शास्त्रज्ञांनी खेळ मांडलाय. हा खेळ मी बंद करणार." टाळ्या इतक्या पडल्या की दुसऱ्याच दिवशी ते निवेदन घेऊन मुंबईला गेले.

त्याच आठवड्यात साहेबांना वरून फोन आला. पुढच्या सूचनेपर्यंत फुगे सोडायचे नाहीत. साहेबांनी रिसीव्हर ठेवला आणि मला तसं सांगितलं.

"थोड्या दिवसांचं असेल ना, सर?"

"पावसाळा किती दिवसांचा असतो?" ते म्हणाले. "एकदा थांबलेली योजना परत सुरू झालेली मी तरी पाहिली नाही. पुढच्या वर्षी म्हणतील, मागच्या वर्षी काय काम केलंत ते दाखवा."

योजना गेली की माझी नोकरीही जाणार होती. पण खरं सांगायचं तर त्या दिवसांत मला नोकरीपेक्षा जास्त सलायचं ते दुपारी येणारं आभाळ. ढग यायचे, माळावर सावली धरायची, आणि आम्ही तिघं शेडच्या दारात हात बांधून बसलेलो. पाऊस अर्थातच तेव्हाही पडला नाही. त्याचंही उत्तर लोकांकडे होतं. आधीच्या फुग्यांचा गॅस अजून वर साठून राहिलाय.

शेवटी मी म्हणाले, मी आप्पांना भेटून येते. साहेब दचकले. वरच्यांना न विचारता पुढाऱ्याकडे जाणं नियमात बसत नव्हतं. मी म्हणाले, "सर, मी कंत्राटी. नियम मला अर्धाच लागू होतो." त्यांनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. मामी मेंढरांना पाला टाकत होती. तिने हात झटकले. "थांब, मी बी येते. मतं मागाया आमच्या दारात येतो की त्यो."

आप्पांच्या अंगणात प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर माणसं बसून होती. आमचा नंबर आला. मी पाठ केलेलं सगळं सांगितलं. आप्पांनी ते शेवटपर्यंत ऐकलं. मग आसपासच्यांना हाताने बाहेर जायची खूण करून ते म्हणाले, "ताई, रबराच्या फुग्यानं पाऊस पळत न्हाई, एवढी अक्कल मला हाय."

मी विचारलं, "मग निवेदन का दिलंत?"

"छावणीत गेलो की बायामाणसं इचारत्यात, आप्पा, पाऊस का पडंना? काय सांगू? रस्ता न्हाई म्हणले तर रस्ता करून देतो, टँकर न्हाई म्हणले तर टँकर आणतो. पावसाचं काय आणू? कुणाच्या तरी नावानं बोटं मोडायला मिळाली की लोकांचं मन हलकं हुतं. तवा तुमचे फुगे घावले."

हे त्यांनी इतक्या थकलेल्या आवाजात सांगितलं की माझा राग कुठे ठेवावा ते मला कळेना. मामीला मात्र कळलं. "लई झ्याक, आप्पा," ती म्हणाली. "ह्या पोरीला बाजारात भाजी देत न्हाईत. तिच्या बापाला शिरुरात तोंड दाखवायची चोरी झालीया. मन हलकं झालं तुमचं!"

आप्पा जरा वरमले. मग म्हणाले, "तुम्हीच या छावणीत. सांगा लोकांना काय ते. लोक म्हणले ऱ्हाऊ द्या, तर मी स्वतः वर फोन लावतो. न्हाई म्हणले, तर गाशा गुंडाळायचा. मान्य?"

मान्य करण्यावाचून माझ्यापुढे काय होतं?

छावणी म्हणजे दुष्काळातली जनावरांची वस्ती. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही पोचलो तेव्हा दावणीला गुरं ऊस चघळत होती आणि मांडवाखाली माणसं दाटीने बसली होती. साहेबही आले होते. सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून ते जीपमध्ये पुढे बसले आणि "मी तुला सोडायला येतोय," एवढंच म्हणाले होते.

आप्पांनी माइक माझ्या हातात दिला. मी तोंड उघडायच्या आत पुढे बसलेल्या एका बाईने विचारलं, "ढग येत्यात आन् पडत का न्हाईत, त्येवढं सांगा."

माझ्याकडे सांगण्यासारखं बरंच होतं. घाट आधीच पाणी उतरवून घेतो, वर कोरड्या हवेचा थर असतो, वारे आडवे येतात. पण हे सगळं जमून नेमकं काय होतं, आज पडतो आणि उद्या का पडत नाही, हे मलाच काय, आमच्या संस्थेतही कुणाला धड सांगता येत नव्हतं. त्या बाईच्या डोळ्यांकडे बघून मला घाटाबिटाचं काही बोलवेना.

"माहीत नाही," मी म्हणाले. "आम्हाला अजून माहीत नाही, मावशी."

नुसता गुरांच्या रवंथीचा आवाज. साहेबांनी चष्मा काढून पुसायला घेतला. मला वाटलं, संपलं.

तेवढ्यात मागून एक म्हातारा मोठ्याने म्हणाला, "आरं, सरकारी माणूस आन् माहीत न्हाई म्हणतंय! जल्मात पयल्यांदा ऐकलं." कुणीतरी हसलं. म्हाताऱ्याला जोर चढला. "टँकर कवा येणार म्हणून इचारा, ह्यांना माहीत असतं. उद्या! लाईट कवा येणार? उद्या! ही पोरगी तेवढी खरं बोलली." सगळा मांडव हसायला लागला. आप्पाही हसले, कारण न हसून सोय नव्हती.

मग मला बोलता आलं. मी सांगितलं की माहीत नाही म्हणूनच फुगा सोडतो. आपल्याला वर जाऊन बघता येत नाही, म्हणून डबी पाठवतो. एक तरणा शेतकरी तावातावाने उठला. "मग ढग आले की मगच का सोडता? तवाच बरं फुगा आठवतो?"

"तुम्ही डॉक्टरकडं कधी जाता?" मी विचारलं. "ताप असताना की उतरल्यावर?"

त्याला पटलंय असं दिसलं नाही. "थोडं दिस बंद ठिवून बघा म्हणा," तो पुटपुटला. मामी बसल्या जागेवरून म्हणाली, "बंदच हायत की इतकं दिस. पडला का?"

यावर बायकांच्या बाजूने कुजबुज झाली. मघाच्या बाईने पदर सावरला. "आमास्नी बघायला मिळंल का फुगा सोडताना?" तिने विचारलं. तिच्या आवाजात आता राग नव्हता.

लोकांचा वारा कुठे वळतोय हे आप्पांना माझ्या डबीपेक्षा लवकर कळायचं. त्यांनी माइक घेतला. "उद्याच बघू! सगळ्यांनी या. आन् पयला फुगा मी सोडणार." त्यांनी तिथेच खिशातून मोबाइल काढून मुंबईला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, की लोकांची हरकत मिटली आहे, काम चालू होऊ द्या.

परत येताना चौफुल्याला साहेबांनी गाडी थांबवायला सांगितली, उतरून सगळ्यांसाठी भजी आणली आणि एकदम म्हणाले, "मी रात्रभर राजीनाम्याचा मसुदा मनात लिहीत होतो. बरं झालं, कागद वाया गेला नाही." मला हसू आवरेना आणि त्याच वेळी डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मामीने भज्यांचा कागद माझ्या मांडीवर ठेवला. "खा गप."

दुसऱ्या दिवशी माळावर जत्रा भरली. आप्पांनी नारळ फोडला, फुग्याला हळदकुंकू लावलं. वाऱ्यात फुगा असा काही ओढायला लागला की आप्पांचा तोल गेला आणि साहेबांनी त्यांना मागून धरलं. फुगा सुटल्यावर माणसं माना मोडेपर्यंत वर बघत राहिली. "आप्पांच्या हस्ते हवामान फुग्याचे उड्डाण" असं पेपरात फोटोसकट छापून आलं, आणि ज्यांनी काम बंद पाडलं त्यांनीच ते सुरू केल्याचं श्रेय घेतलं. मला क्षणभर चीड आली. मग आत शेडमध्ये यंत्रावर डबीचे पहिले आकडे उमटायला लागले, आणि चीड विरून गेली.

लेखी परवानगीही यथावकाश आली. पावसाळा संपेपर्यंत आम्हाला पुन्हा कुणी अडवलं नाही. पाऊस त्या वर्षी बेताचाच झाला. पण त्याचं खापर आमच्यावर फुटलं नाही आणि दसऱ्याच्या सुमारास जो थोडा पडला, त्याचं श्रेयही आम्ही घेतलं नाही. योजनेला पुढच्या वर्षाची मंजुरी मिळाली, माझं कंत्राट वाढलं. त्या बाईच्या प्रश्नाचं उत्तर आम्हाला पूर्ण मिळालं असं मी आजही म्हणणार नाही. थोडं मिळालं, आणि ते शोधायला वेळ मिळाला.

आण्णा एकदा न्हावऱ्यावरून एसटीने माळ बघायला आले. मामीशी पावसापाण्याच्या गप्पा मारून त्यांनी फुगा सुटताना पाहिला, आणि जाताना मला म्हणाले, "चांगलं काम हाय. सोडू नको."

त्यानंतर हळूहळू बघे यायचे थांबले. एका दुपारी आभाळ भरून आलं, मी फुगा घेऊन शेडबाहेर आले, तर समोर बाजरीत चार बायका खुरपत होत्या. फुगा त्यांच्या डोक्यावरून गेला. एकीने मान वर केली, सहज पाहिलं, आणि परत खाली वाकून आपल्या खुरपणीच्या पातीला लागली.