एवाल्डची पांढरी खूण

एवाल्ड नोर्लिंगने चाळीस वर्षं कागद गिरणीच्या गॅरेजात काढली. त्या चाळीस वर्षांत त्याने कुणाचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतल्याचं नॉर्रबेक गावात कुणालाही आठवत नाही. समोरच्याने तोंड उघडलं की हा मान हलवायचा. गाडीचा मालक म्हणायचा, "चढावर कसला तरी आवाज येतो," तर हा म्हणायचा, "आवाज तुझ्या कानात येतो." लोक हसायचे, कारण गाडी त्याच्या ताब्यात असायची.

निवृत्तीनंतर त्याच्या हाती एकच गाडी उरली. १९६८ची निळी, आणि तीही त्याची नव्हती. ती त्याची बायको गुनवोर हिच्या वडिलांची, हेलमेर टपालवाल्याची. गुनवोरने शाळेच्या स्वयंपाकघरात तीनशे पोरांना बटाटे वाढत आयुष्य घालवलं. वडिलांचं तिच्याकडे उरलेलं एवढंच होतं, एक गाडी आणि गाडीच्या आवाजाचा कान. त्यातली गाडीसुद्धा एवाल्डने स्वतःकडे घेतली होती.

मेच्या पहिल्या शनिवारी, गाड्या हिवाळ्यातून बाहेर काढल्या की, जुन्या गाड्यांच्या क्लबातले सगळे चर्चचा चढ चढतात. ज्याची गाडी चढावर बंद पडेल त्याने सगळ्यांसाठी दालचिनीचे बन आणायचे. निळी गाडी लागोपाठ तीन वर्षं बंद पडली. बंद पाडायचा एवाल्ड, आणि बन भाजायची गुनवोर. या व्यवस्थेत काही चुकतंय असं क्लबातल्या एकाही पुरुषाला वाटलं नाही. बन मात्र छान झालेत असं सगळे म्हणाले.

पहिल्याच वर्षी तिने सांगितलं होतं, "अरे एवाल्ड, चढावर इंजिन खडखडतंय. डब्यात वाटाणे हलवावेत तसं. ठिणगी फार लवकर पडतेय."

एवाल्डने कॉफीचा कप खाली ठेवला आणि क्लबातल्या अकरा जणांकडे बघून म्हणाला, "ऐकलंत? आमच्या घरी आता वाटाणे टायमिंग सांगतात." हसून हसून एकाला ठसका लागला. नंतर त्याने टायमिंगचा, म्हणजे ठिणगीची वेळ तपासायचा, दिवा लावला. इंजिनाच्या पुढच्या पुलीवरची, पिस्टन टोकाला कधी पोचतो ते दाखवणारी पांढरी खूण दिव्याच्या उजेडात अगदी पुस्तकात लिहिलेल्या आकड्यावर उभी होती. "खूण खोटं बोलत नाही," तो म्हणाला. हे वाक्य तो देवळातल्या घंटेसारखं वाजवत असे.

त्यानंतर गुनवोरने चारचौघांत तो विषय काढला नाही, पण ती स्वस्थ बसली नाही. एवाल्ड मासे पकडायला गेला की ती पाना घ्यायची, ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरचा क्लॅम्प सैल करायची, डिस्ट्रिब्यूटर कानाने अंदाज घेत केसभर मागे फिरवायची आणि पुन्हा आवळायची. आठवडाभर गाडी लोण्यासारखी चालायची. मग चढाच्या आदल्या दिवशी एवाल्ड दिवा लावायचा, खूण सरकलेली बघून शिव्या द्यायचा आणि सगळं पुन्हा 'बरोबर' करून ठेवायचा. आवळलेला राहत नाही म्हणून क्लॅम्प त्याने दोनदा बदलला. पॉइंट, कन्डेन्सर, कॉइल, रोटर, टोपी, वायरी सगळं नवं घातलं. पेट्रोलवाल्याशी भांडला. एवढ्या हुशारीला जगात तोड नव्हती.

या वर्षी त्याने निकालच लावला. "इंजिन आतून गेलंय. जुन्या गाड्या विकत घेणारा तो उप्सालाचा बेंग्ट हामार चढाच्याच शनिवारी अकरा वाजता येतोय. घेऊन जाईल. मी शब्द दिलाय."

"कुणाच्या गाडीचा?" गुनवोरने विचारलं. एवाल्ड तोपर्यंत दाराबाहेर गेला होता.

शनिवारी नऊ वाजता ती गॅरेजात आली तेव्हा तिच्या हातात विणकामाची लांब लाकडी सुई होती. सुईला तांबड्या लोकरीची गाठ मारलेली.

"मोजे विणतेस की काय इंजिनाला?"

"पहिल्या सिलिंडरचा प्लग काढ. बाबा खुणेला विचारत नसत, पिस्टनला विचारत."

"खूण आहे ना तिथे! डोळे आहेत का तुला?"

"काढ म्हणते ना! गाडी माझी आहे."

असं ती त्याच्याशी कधी बोलली नव्हती. एवाल्डने प्लग काढला, त्यातही आपण उपकार करतोय असा चेहरा ठेवून. तिने सुई आत सोडून धरली. तो पुढच्या नटाला पाना लावून इंजिन हळूहळू फिरवू लागला. सुई वर आली. गाठ भोकाच्या तोंडाशी आली तेव्हा तिने पुलीवर, इंजिनावरच्या काट्यासमोर, खडूची रेघ ओढली. "फिरव पुढे." सुई आणखी वर गेली, थांबल्यासारखी झाली, उतरू लागली. गाठ पुन्हा तोंडाशी आली तशी तिने दुसरी रेघ ओढली. दोन रेघांच्या बरोबर मध्ये पिस्टनचं खरं टोक, म्हणजे तो सगळ्यात वर असतो ती जागा.

पांढरी खूण तिथे नव्हती. अंगठाभर बाजूला होती.

"पुन्हा," एवाल्ड म्हणाला. पुन्हा केलं. तिसऱ्यांदा केलं. मग तो गुडघ्यावर बसला आणि पुलीकडे त्याने पहिल्यांदा नीट पाहिलं. ती दोन भागांची होती, मध्ये रबराचं कडं. रबर म्हातारं होऊन बाहेर फुगलं होतं आणि बाहेरचा भाग खुणेला घेऊन मागे सरकला होता. त्या खुणेवर भरवसा ठेवून त्याने दर वर्षी ठिणगी आणखी लवकर पाडली होती. रबर सरकतं हे त्याला ठाऊक होतं. दुसऱ्यांच्या गाड्यांत त्याने शंभरदा सांगितलं असेल.

"खूणच सरकलीय," तो म्हणाला. "दिसेल तरी कसं? मी रोज बघत होतो तिच्याकडे."

"तिच्याकडे बघत होतास," गुनवोर म्हणाली. "मी तीन वर्षं तुझ्या शेजारच्या सीटवर बसून सांगत होते."

क्लॅम्पचंही एवाल्डला आत्ता कळलं असावं, कारण तिने क्लॅम्पसाठी सराईतपणे उचललेल्या पान्याकडे त्याची नजर गेली आणि तिथेच राहिली. त्याने कानस उचलली.

"आण इकडे," ती म्हणाली. खऱ्या जागेवर तिने स्वतः खाच पाडली, पांढरा रंग भरला, प्लग बसवून इंजिन चालू केलं आणि डिस्ट्रिब्यूटर तिच्या कानाला पटेल तिथे आवळला. मग दिवा लावून पाहिलं. नवी खूण पुस्तकातल्या आकड्यावर उभी होती. तिने दिवा बंद केला आणि खुंटीला अडकवला.

अकरा वाजता हामार आला. एवाल्ड घसा खाकरून पुढे झाला, पण गुनवोरने आधीच सांगून टाकलं, "ज्याने शब्द दिला त्याची ही गाडी नव्हे. कॉफी घेऊन जा."

दुपारी चर्चच्या चढावर क्लबातले अकराही जण बनांची वाट पाहत उभे होते. निळी गाडी खडखड न करता त्यांच्या समोरून वर गेली. स्टीअरिंग गुनवोरच्या हातात होतं. शेजारच्या सीटवर एवाल्ड मांडीवर हात ठेवून बसला होता, आणि वर पोचेपर्यंत त्याने एकही शब्द काढला नाही.