चित्राखालची चार बोटं

चित्राखाली चार बोटं कोरी जागा असेल, तर ती वायाच गेली ना? मी तसंच समजले आणि बाराही चित्रांची ती पट्टी क्रॉप केली.

चंद्रपूरच्या एका प्रेसमध्ये मी लेआउट करते. जंगलाकाठच्या एका रिसॉर्टला भिंतींसाठी लाकडी ठशांच्या चित्रांचा पोर्टफोलिओ, म्हणजे एका हातच्या चित्रांचा संच, हवा होता. शीर्षक त्यांनीच पाठवलं: 'अनाम अरण्यकला'. चित्रं मात्र वडशाच्या करीमचाचांची. पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीतल्या नाटकांच्या पोस्टरसाठी त्यांनी ती सागाच्या फळीवर उलटी कोरलेली. फळीला शाई लावायची, वर कागद दाबायचा, की चित्र सुलटं.

परवानगीची सही घ्यायला मी प्रूफ घेऊन वडशाला गेले. चाचांनी एकेक कागद पाहिला.

"बेटा, आता गाव कुठी लिवू?"

"कुठलं गाव?"

"नाटक काय एकाच गावी रायते? ब्लॉक एक, गावं पन्नास. मंडळीवाले खाली ब्रशनं गाव लिवत. तू तं गावच कापून आणलं! काऊन, नवी कैची घेतली का?"

"चुकलं, चाचा. सही?"

"नाई."

दुसऱ्या दिवशी मी पट्ट्या परत जोडल्या, त्यांच्या कोपऱ्यात चाचांचं नाव टाकलं. प्रेसचे मालक, आमचे सर, भडकले.

"क्लायंटला जंगल हवंय, गावं नकोत."

"मग सही जंगलाकडून आणा, सर."

"चळवळीची पत्रकं तुझ्या घरी छाप, इथे नाही."

"अनाम लिहायचं आणि सही त्याच माणसाची मागायची?"

सरांनी प्रूफ माझ्याकडे सरकवलं. म्हणाले, "राहू दे पट्ट्या."

नव्या प्रूफवर चाचांनी स्वतः ब्रश चालवला. "हा राक्षस चिमूरले गेलता. पोट्टे पोस्टर पाहूनच रडले." बारा चित्रं, बारा गावं. मग परवानगीच्या कागदावर सही केली, चांगली ठळक.

छपाई झाली. महिन्याभराने मी रिसॉर्टमध्ये गेले. चित्रं झकास लावलेली. फक्त फ्रेममधला पुठ्ठा रुंद घेतलेला. गाव आणि नाव दोन्ही त्याच्याखाली. मॅनेजर म्हणाला, "मॅडम, नाव छापायचं ठरलं होतं, दाखवायचं नव्हे."

धडा एवढाच: परवानगीच्या कागदावर फ्रेमचं मापही लिहून घ्यावं.

आता तुमचं काम. अशा भिंतीसमोर उभे राहिलात, तर काउंटरवर विचारा, हे कुणी कोरलं, कुठल्या गावासाठी? उत्तर मिळेपर्यंत खोलीची चावी घेऊ नका.