राहिलेली वीस पानं

बाई वाचताना पुस्तकातल्या माणसांशी भांडायच्या. मनातल्या मनात नव्हे, चांगल्या मोठ्यानं. "अरे, तिले विचार तरी, काऊन रडून राह्यली ते," असं कादंबरीतल्या नवऱ्याला झापायच्या आणि लगेच पान उलटून त्यानं विचारलं का ते बघायच्या. विचारलेलं नसलं की पुस्तक मिटून त्याच्याशी अबोला धरायच्या. मी आरमोरी तालुक्यातल्या एका गावचा ग्रंथपाल, मराठीचा एम. ए. आणि बाई चौथी शिकलेल्या. पण एका उन्हाळ्यात महिनाभर मी ज्यांच्यावर जळत होतो, त्या ह्याच.

माझं वाचनालय म्हणजे ग्रामपंचायतीच्या इमारतीतली एक खोली. बाई जंगलालगतच्या टोल्यावरून, म्हणजे दहा-वीस घरांच्या वस्तीवरून, कसल्याशा दाखल्यासाठी आल्या होत्या. ग्रामसेवकाचा पत्ता नव्हता, म्हणून माझ्याकडे बाकावर टेकल्या आणि वेळ जावा म्हणून हाताला लागली ती कादंबरी उघडून बसल्या. दोन तासांनी ग्रामसेवक आले, तर बाई उठेनात. "त्यायले थांबा म्हणा जरा," एवढंच म्हणाल्या, तेही वर न बघता. त्या दिवशी दाखला राहिला आणि पुस्तक टोल्यावर गेलं.

मोहफुलं वेचायचे दिवस होते. आमच्याकडे प्रत्येक घराची मोहाची झाडं ठरलेली असतात, दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल कुणी उचलत नाही. पहाटेपासून फुलं गळतात, ती वेचत आणि गुरांपासून राखत दुपारपर्यंत झाडाखाली बसावं लागतं. बाकीच्या बाया बसल्या जागी पेंगायच्या, बाई ओठ हलवत वाचायच्या. एक प्रकरण संपलं की ते शेजारच्या झाडाखालच्या बाईला ओरडून सांगायच्या, ती तिच्या पुढच्या झाडाला सांगायची. अस्वलाच्या भीतीनं तिथे एरवीही मोठ्यानंच बोलतात, तेव्हा एका ओरडण्यात दोन कामं व्हायची.

एकदा शेळ्यांनी झाडाखालचा सगळा मोह फस्त केला आणि बाईंना कळलंसुद्धा नाही. घरचे चिडले, तर म्हणाल्या, "त्यायनं त्यायचं खाल्लं, मी माझं खाल्लं." ग्रामपंचायतीच्या शिपायानं हा किस्सा मला खो खो हसत सांगितला. मला हसू आलं नाही. खरं सांगायचं तर पोटात दुखलं.

कारण माझं वाचन कधीच मेलं होतं. शिकताना गुणांसाठी वाचलं, मग नोकरीच्या परीक्षांसाठी. आता पुस्तक आलं की शिक्का मारायचा, क्रमांक घालायचा आणि कपाटात सरकवायचं. चुकून उघडलंच, तर दोन पानांत 'व्यक्तिरेखा स्पष्ट करा' असा प्रश्न समोर उभा राहायचा आणि मी मोबाइल हातात घ्यायचो. बाई दर चार-सहा दिवसांनी यायच्या, पुस्तक बदलून न्यायच्या आणि जाताना हमखास विचारायच्या, "सर, तुमी तं हे सारे वाचले असान ना?" मी मान हलवायचो. त्यांचा त्यावर विश्वास बसायचा, याचा मला जास्त राग यायचा.

महिना सरत आला तेव्हा मी मुद्दाम गाडी काढून जंगलात गेलो. बाई झाडाला टेकून बसल्या होत्या. नवऱ्याचं घर सोडून नदीपल्याड निघून गेलेल्या एका बाईची जाडजूड कादंबरी हातात होती, वीसेक पानं राहिली असतील. पदरात फुलं, डोळ्यांत पाणी आणि चेहऱ्यावर असं सुख की मला ते बघवेना. मी म्हणालो, तपासणीला साहेब येणार आहेत, हे पुस्तक आजच पाहिजे. साहेब वगैरे कुणी येणार नव्हतं.

बाईंनी राहिलेल्या पानांवरून एकदा बोट फिरवलं. मग मुखपृष्ठ पदरानं पुसून पुस्तक माझ्या हातात दिलं. "साहेबाचं झालं का मंग देजा," म्हणाल्या. मी ते कपाटात ठेवून कुलूप लावलं. उद्या पाठवू, परवा पाठवू म्हणत राहिलो आणि मग लाजेनं पाठवलं नाही. मोह संपला, तेंदूपत्ता तोडायचे दिवस आले, मागोमाग धानाची रोवणी. बाई पुन्हा वाचनालयात आल्या नाहीत.

दोन वर्षांनी आरमोरीच्या बाजारात त्यांनीच मला हाक मारली. तक्रार नाही, टोमणा नाही. बाजूला घेऊन हळूच विचारलं, "सर, ते नदीपल्याड गेलेली बाई वापस आली का घरी?"

मला माहीत नव्हतं. ते पुस्तक मी वाचलंच नव्हतं.

"आली," मी म्हणालो.

बाईंनी केवढा मोठा श्वास सोडला. "मले वाटलंच होतं. मी तं साऱ्या बायायले तसंच सांगून टाकलं होतं," म्हणाल्या आणि टोपली डोक्यावर घेऊन गर्दीत निघून गेल्या.

मी तडक वाचनालयात आलो, कुलूप काढलं आणि ती वीस पानं उभ्यानंच वाचली. ती परत येत नाही. मुलगी घाटावर वाट बघून थकते, घरचे तिचं नाव घेणं सोडतात, आणि पुस्तक संपतं. कित्येक वर्षांनी पुस्तक वाचून मला रडू आलं.

ते पुस्तक मी आजही कुणाला देत नाही, न जाणो टोल्यावरच्या कुणाच्या हाती पडायचं. बाईंची बाई केव्हाच घरी आली आहे, आणि मोहाखाली बसून त्या ते सगळ्यांना सांगत असतील. माझी अजून नदीपल्याडच आहे. त्यांचा हेवा वाटायचा काही थांबलेला नाही.