घरात शुद्ध, खळ्यात मालवणी

जन्मापासून ऐकू न येणाऱ्या माझ्या लेकीच्या कानामागे मशीन बसलं तेव्हा ती तीन वर्षांची होती. आत शस्त्रक्रिया झालेली, बाहेर डोक्याला चिकटणारी चकती. मशीन सुरू केलं त्या दिवशी ती दचकून रडली आणि आम्ही सगळे आनंदाने रडलो. वाटलं, झालं, आता महिन्याभरात पोरगी पोपटासारखी बोलणार. अडाणीपणाला औषध नाही, दुसरं काय!

थेरपीच्या बाई घाटावरच्या. त्यांनी बजावलं की मशीन फक्त आवाज देतं, भाषा तुम्ही द्यायची. दिवसभर तिच्याशी बोलत राहा, घरच्या भाषेत. मग फॉर्म पुढे केला. मातृभाषेच्या रकान्यात मी ऐटीत 'मराठी' लिहिलं. आता आमच्याकडची रीत अशी, की कचेरी असो, बँक असो नाहीतर दवाखाना, उंबरठा ओलांडला की जिभेला इस्त्री होते. घरी 'खंय गेलो' म्हणणारा माणूस तिथे 'कुठे गेला' म्हणतो. त्यामुळे बाईंनी आमचं मालवणी कधी ऐकलंच नव्हतं. आणि मी बारावी पास. मी ठरवलं की माझी मुलगी पुस्तकातल्यासारखं बोलणार.

त्या दिवसापासून आमच्या घराची तहसील कचेरी झाली. नवरा होडीवरून दमून यायचा, पाय धुवायचा आणि टोपलीतला मासा वर धरून म्हणायचा, बाळा, हा बांगडा आहे, बांगडा पाण्यात पोहतो. एवढं बोलून त्याला घाम फुटायचा. पुढचं वाक्य जुळेपर्यंत लेक निघून गेलेली असायची. मग तो मुकाट जेवायला बसायचा. सासरे तर तिला बघितलं की देवळाकडे वळायचे. तिथे मात्र त्यांचं गाऱ्हाणं धो धो, ह्या चेडवाच्या तोंडात शब्द घाल म्हणून. देवाला मालवणी चालत होतं, नातीला नव्हतं.

खरी पंचाईत सासूबाईंची. मालवणच्या बाजारात त्या चाळीस वर्षं मासे विकतात. त्यांच्यासमोर भावात घासाघीस करून जिंकलेला माणूस अजून जन्माला यायचाय. पण 'आहे' म्हणायला गेल्या की तोंडातून 'आसा'च बाहेर. मी कायदा केला: मालवणीत बोलायचं असेल तर बाहेर अंगणात, खळ्यात जाऊन बोला, पोरीसमोर नको. सासूबाईंनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि खळ्यात गेल्या. तिथे त्या कोंबड्यांशी, मांजराशी, माडांशी तासन् तास बोलायच्या. नातीला वेणी घालायच्या त्या ओठ मिटून. आणि मला वाटायचं, बघा, कसं वळण लावलं घराला! शेजारीण म्हणालीसुद्धा, तुमच्याकडे हल्ली कोणी आजारी आहे का, आवाज नसतो तो? मी ते हसण्यावारी नेलं.

दीड वर्ष झालं तरी लेक सुटे शब्दच बोलायची. पाणी. दे. मासा. बाई म्हणायच्या की मशीन ठणठणीत आहे, कान ऐकतोय, मग वाक्य का येत नाही? मी मनातल्या मनात मशीनलाच शिव्या घालत होते. रडतही होते, खोटं कशाला बोलू. पोरीला आता शाळेत घालायचं होतं, आणि तिथे सुट्या शब्दांवर निभणार नव्हतं.

पुढच्या चाचणीला सासूबाई हट्टाने सोबत आल्या. बाईंनी एक चित्र दाखवलं: पाटावर बसलेली म्हातारी. ही कोण? लेक म्हणाली, आजी. बाईंनी विचारलं, आजी काय करते?

लेकीने चित्राकडे बघितलं, मग शेजारी बसलेल्या आजीकडे.

"आजी बोलत नाही."

तीन शब्दांचं तिचं पहिलं वाक्य. शुद्ध, स्वच्छ, मला हवं होतं तस्सं. मी टाळी वाजवायला हात उचलले होते, ते तसेच राहिले. बाईंनी विचारलं, आजी का बोलत नाहीत? मी जरा तोऱ्यातच सांगितलं की त्यांना शुद्ध मराठी येत नाही, तुम्हीच तर घरची भाषा बोला म्हणालात. बाईंनी पेन खाली ठेवलं.

"अहो, तुम्ही घरी भांडता कुठल्या भाषेत?"

मालवणीत, आणखी कुठल्या! दीड वर्ष पोरीच्या कानात शब्द पडायला हवे होते, आणि मी घरातला सगळ्यात बोलका माणूस दाराबाहेर काढला होता.

सासूबाईंनी लेकीला उचलून मांडीवर घेतलं आणि तिचं तोंड आपल्याकडे वळवलं.

"बोलतंय गो माझ्या बाये, बोलतंय. तुझ्या आवशीन माका गप केल्यान." आवस म्हणजे आई, म्हणजे मी.

लेक त्यांच्या ओठांना बोट लावून बघत राहिली. लग्नाला आठ वर्षं झाली, त्या दिवशी पहिल्यांदा मी सासूला उलट उत्तर दिलं नाही.